नवसागर, चौफुलीची पऱ्हाटी अन् जेट इंजिनचं पातं : सुपरअलॉय शिकायला निघालेल्या गावाकडच्या पोट्ट्यांसाठी

डिप्लोमा नाहीतर बीईला मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्र, घेतलेले पोट्टे सुट्टीत गावी आले का मला हमखास विचारतात, "भाऊ, सुपरअलॉयमंधी कोणता धातू किती टक्के, ते सारं पाठ कराव लागते काय?" मी त्यायले सांगतो का ते टेबल पुस्तकात आहे, ते कुठी पळून नाही जात, तुम्ही आधी हे समजून घ्या का वितळलेला धातू साच्यात गोठतो कसा. कारण एकाच भट्टीतून एकाच वेळी काढलेला रस दोन वेगळ्या तऱ्हेनं गोठवला तर एक तुकडा लालभडक तापवून ओढला तरी शेकडो तास धरून राहते अन् दुसरा त्याच वजनाखाली कितीतरी आधी तुटते, टक्केवारी दोघांचीही सेम. हा फरक गोठायच्या त्या थोड्याशा वेळात पडते, म्हणून मी शिकवायला तिथूनच सुरुवात करतो.

आधी एवढं माहीत पाह्यजे

सुपरअलॉय म्हणजे बहुतेक करून निकेलच्या पायावरचा मिश्रधातू, त्यात क्रोमियम, कोबाल्ट, ॲल्युमिनियम, टायटॅनियम, टॅन्टलम, टंगस्टन अन् भारी जातीत रेनियम. जेट इंजिनच्या टर्बाइनची पाती याचीच राहतात, अन् तुमच्या गावातून सोयाबीन भरून जाणाऱ्या ट्रकच्या टर्बोचं, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचं, गरम बाजूचं चाकसुद्धा बहुतेक याच घराण्यातलं. ताकद येते कुठून, तर निकेलच्या मुख्य जाळीत, जिला गॅमा म्हणतात, तिच्यात निकेल अन् ॲल्युमिनियमचे बारीक बारीक ठोकळे तयार होतात, त्याले गॅमा प्राइम म्हणतात. चांगल्या पात्यात हा एकेक ठोकळा अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असते अन् सगळे मिळून ६० ते ७० टक्के जागा व्यापतात. साधा धातू तापला का नरम पडते, गॅमा प्राइमची ताकद मात्र ७०० अंशाच्या पुढेपर्यंत उलट वाढत जाते. सध्या एवढं पुरे.

पायरी १ : तुपाचा डबा पाहा

घरी लोणी कढवलं अन् तूप पितळी डब्यात चुलीजवळच हळूहळू थिजू दिलं तर मस्त रवाळ होते, दाणा मोठा. तेच तूप गरम गरम थंड पाण्यात ठेवलं तर गुळगुळीत, दाणा इतका बारीक का जिभेले लागतच नाही. अन् आजीबाई त्यात जुन्या रवाळ तुपाचा एक चमचा टाकते, काऊन, तर दाणा धरायला बी मिळते. थंड व्हायचा वेग अन् बी, या दोन गोष्टीवर दाणा ठरते, अन् ओतकामातही हेच आहे. टर्बोचं चाक ज्या सिरॅमिकच्या साच्यात ओततात त्याच्या आतल्या पहिल्या थरात कोबाल्ट ॲल्युमिनेट नावाची निळी पूड मिसळतात, ती आजीच्या चमच्याचंच काम करते, धातूच्या कातडीवर दाणा, म्हणजे धातूतला एकेक स्फटिक, बारीक धरते.

पायरी २ : नवसागर आणा (ही पायरी चुकवू नका)

कल्हईवाला भांड्याले कल्हई करताना पांढरी पूड टाकून धूर काढायचा ते आठवते ना, तो नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. बाजारात अजूनही मिळते. पाण्यात विरघळवून थंड केला तर त्याचे स्फटिक धातूसारखेच फांद्या फुटून वाढतात अन् पाणी पारदर्शक असल्यामुळे सगळं डोळ्यानं दिसते, धातूच्या साच्यात तर आत काही दिसायची सोयच नाही, म्हणून शास्त्रज्ञ लोकही कितीतरी वर्षांपासून हाच प्रयोग वापरत आले.

करायचं असं. १०० मिली पाणी, त्यात ४५ ग्रॅम नवसागर, काचेच्या भांड्यात ६० अंशापर्यंत गरम करून पूर्ण विरघळवायचा, कचरा दिसला तर फडक्यानं गाळून घ्यायचा. ॲल्युमिनियम नाहीतर तांब्यापितळेचं भांडं घेऊ नका, ते खराब होते, अन् लहान पोरं प्यायचं पाणी समजणार नाहीत असं ठेवा. आता दोन सरळ काचेचे ग्लास घ्या, आधी कोमट करून, म्हणजे तडकत नाहीत. पहिल्या ग्लासाच्या चारही बाजूंनी कापूस गुंडाळा, कापसाची काही आपल्याइकडे कमी नाही, अन् समोरून पाहायला एक उभी फट ठेवा. हा ग्लास बर्फाच्या लादीवर उभा करा म्हणजे उष्णता फक्त बुडातून जाईल. दुसरा ग्लास सरळ बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवा. दोन्हीत द्रावण ओता, मागून मोबाइलचा टॉर्च मारा अन् बसा पाहत.

दुसऱ्या ग्लासात सगळीकडूनच गडबड सुरू होते, काचेले चिकटून स्फटिक, मधातही स्फटिक, काही तर बर्फ पडल्यासारखे खाली येऊन राह्यले. पहिल्या ग्लासात मात्र बुडातून पांढरं रान उगवते, सगळं वरच्या दिशेनं, एका खोडाले आडव्या फांद्या, त्या फांद्यायले परत फांद्या. यालेच डेंड्राइट म्हणतात. माझ्या पुतणीनं पहिल्यांदा पाह्यलं तेव्हा ती म्हणे, काका ही तर पऱ्हाटी आहे, म्हणजे कापसाचं झाड. बरोबर बोलली, मी तेव्हापासून सगळ्यायले पऱ्हाटीच सांगतो.

आता नीट पाहा, त्या पांढऱ्या रानातून मधूनमधून पाण्याच्या बारीक धारा धुरासारख्या वर चढताना दिसतील. नवसागर स्फटिकात गेला म्हणून मागे उरलेलं पाणी हलकं झालं, हलकं झालं म्हणून ते वर धावते, अन् धावता धावता रानात एक पोकळ वाट करून टाकते. ही वाट लक्षात ठेवा, पुढे पायरी ५ मध्ये हीच लाखो रुपयाचं पातं भंगारात काढते.

पायरी ३ : चौफुली मोजायला शिका

नवीन पात्याले आडवं कापून पॉलिश करून ॲसिडनं खोदलं अन् मायक्रोस्कोपखाली धरलं तर डोळ्यासमोर फुल्याच फुल्या, ओळीनं, आडव्या अन् उभ्या, हुबेहूब चौफुलीवर, म्हणजे दोन्हीकडून सारख्या अंतरानं, लावलेलं वावर. एक फुली म्हणजे एक पऱ्हाटी वरून पाह्यलेली. दोन फुल्यांमधलं अंतर म्हणजे प्रायमरी डेंड्राइट आर्म स्पेसिंग, आम्ही नुसतं स्पेसिंग म्हणतो. रोजच्या कामातला सगळ्यात उपयोगी आकडा हाच आहे.

मोजायची रीत कास्तकाराच्या पोराले सांगायची गरजच नाही. एका एकरात ४३,५६० चौरस फूट, तीन बाय तीनची चौफुली धरली का एका झाडाले ९ चौरस फूट, म्हणजे ४,८४० झाडं. इथं उलटं करायचं, झाडं मोजायची अन् अंतर काढायचं. समजा फोटोत ४ चौरस मिलिमीटर जागेत ३६ फुल्या आल्या, तर एका फुलीले ४ भागिले ३६, त्याचं वर्गमूळ काढलं का ०.३३ मिलिमीटर, म्हणजे ३३० मायक्रॉन. नेहमीच्या कारखान्यातल्या पात्यात साधारण २०० ते ५०० मायक्रॉन येते. धुऱ्यावरची अर्धवट झाडं कशी मोजता तशाच कडेवरच्या फुल्या अर्ध्या धरा. एकच फोटो घेऊन आकडा सांगू नका, पात्याच्या जाड भागातला वेगळा अन् पातळ टोकाचा वेगळा येते.

पायरी ४ : दोन कळी हातात घ्या

पातं गोठवायच्या भट्टीले ब्रिजमन भट्टी म्हणतात. वर गरम खोली, खाली थंड खोली, मधात उष्णता अडवणारी आडवी तबकडी, अन् साचा तांब्याच्या थंड पाटावर उभा. रस भरला का साचा हळूहळू खाली ओढायचा, साधारण मिनिटाला ३ मिलिमीटर, म्हणजे १० सेंटिमीटरच्या पात्याले अर्ध्या तासावर वेळ लागते. माणसाच्या हातात कळी दोनच. पहिली, गोठायच्या रेषेपाशी तापमान किती तीव्रतेनं बदलते ती, म्हणजे ग्रेडियंट. दुसरी, ती रेषा किती वेगानं पुढे सरकते तो वेग.

ग्रेडियंटले वेगानं भागलं का रूप ठरते. भागाकार खूप मोठा असेल तर रेषा सपाट राहते, थोडा उतरला का बोटं फुटतात, अजून उतरला का पऱ्हाटी, अन् फारच उतरला का तुमच्या दुसऱ्या ग्लासासारखे सगळीकडे आपापले दाणे. दोघांचा गुणाकार केला का थंड व्हायचा वेग निघते अन् त्यावर बारीकपणा ठरते, गुणाकार मोठा तर पऱ्हाट्या दाट.

आता इथं नवीन पोट्टे एक चूक हमखास करतात. त्यायले वाटते बारीक पाह्यजे तर साचा जोरानं ओढा, झालं. पण स्पेसिंग ग्रेडियंटच्या वर्गमुळाच्या उलट प्रमाणात जाते अन् वेगाच्या चौथ्या मुळाच्या. म्हणजे अंतर अर्धं करायचं तर ग्रेडियंट ४ पट केला तरी भागते, पण नुसत्या वेगानं करायचं म्हटलं तर १६ पट ओढाव लागते! अन् तेवढं ओढलं का गोठायची रेषा तबकडीच्या खाली सरकते, उष्णता बुडातून जायच्या ऐवजी बाजूनं जाते, रेषा वाकते, अन् कुठूनही नवीन दाणे उगवतात. म्हणून जगभरातल्या लोकायनं ताकद ग्रेडियंट वाढवण्यावर लावली, कोणी साचा वितळलेल्या कथिलात उतरवते, कथिल २३२ अंशालेच वितळते म्हणून ते थंड करायला बरं, तर कोणी खालून थंड गॅस मारते. मला विचाराल तर या पूर्ण लेखात हा १६ पटीचा हिशोबच आधी वहीत लिहून घ्या, बाकी नंतर.

पायरी ५ : मागे काय उरलं ते पाहा

पऱ्हाटीचं खोड आधी गोठते, फांद्यांमधली जागा शेवटी. खोडात टंगस्टन अन् रेनियम जास्त जाऊन बसतात, मधल्या जागेत ॲल्युमिनियम, टायटॅनियम, टॅन्टलम साचतात. म्हणजे एकाच तुकड्यात शंभरेक मायक्रॉनवर धातूच वेगळा. खोडातले गॅमा प्राइमचे ठोकळे बारीक अन् फांद्यांमधले जाडेभरडे, शिवाय अगदी शेवटी उरलेल्या रसाची गॅमा अन् गॅमा प्राइमची एक जोडगाठ, युटेक्टिक, तिथं बसून राहते.

हे सारखं करायला तुकडा १,३०० अंशाच्या आसपास तासन् तास ठेवतात, त्याले सोल्यूशन ट्रीटमेंट म्हणतात. अणू चालत चालत सगळीकडे सारखे व्हायला किती वेळ लागते तर अंतराच्या वर्गाएवढा, स्पेसिंग अर्धं तर वेळ चौथाई. म्हणून मी वर स्पेसिंगसाठी एवढा जीव काढला.

याचा एक अनुभव सांगतो, मी शिकत होतो तिथला. आम्हाले काही सळ्या मिळाल्या होत्या, त्या फार सावकाश गोठवलेल्या होत्या, स्पेसिंग मोठं होतं, पण कोणी मोजलंच नाही, मीही नाही. कागदावर त्या मिश्रधातूसाठी जे तापमान लिहिलं होतं त्यावर भट्टी एकदम नेली. बाहेर काढल्यावर सळ्या वरून चांगल्या, चकचकीत. कापून पाह्यल्या तर फांद्यांमधल्या जागी गोल गोल डाग, आत बारीक जाळी अन् काळी छिद्रं. ज्या जागी धातू सगळ्यात शेवटी गोठला, तिथंच तो सगळ्यात आधी वितळला होता. त्या सळ्या क्रीपच्या मशीनवर, म्हणजे तापवून सतत ओढत ठेवायच्या मशीनवर, लावल्या त्या सगळ्या लवकर तुटल्या, तीन महिन्याचं काम गेलं, अन् मला अजूनही ते गोल डाग जसेच्या तसे दिसतात. त्या दिवसापासून मी तापमान पायरी पायरीनं चढवतो, थोडं चढवायचं, काही तास थांबायचं, तेवढ्यात ती कमजोर जागा सुधारते अन् तिचा वितळायचा आकडा वर सरकते, मंग पुढची पायरी. सीएमएसएक्स-४ सारख्या नामांकित धातूलेही असंच पायरीनं चढवतात, अन् त्यानंतर ठोकळे बरोबर मापाचे व्हायले १,१४० अंशाले काही तास अन् ८७० अंशाले २० तास ठेवतात.

आता त्या पोकळ वाटेकडे या. धातूतही मागे उरलेला रस हलका असते, काऊन का जड टंगस्टन अन् रेनियम खोडात गेले अन् हलकं ॲल्युमिनियम रसात उरलं. स्पेसिंग मोठं, गोठणं सावकाश, तर हा रस नवसागरासारखाच वर धावते, फांद्या मोडत जाते, अन् पात्याच्या अंगावर बारीक दाण्यांची एक उभी साखळी सोडते. यालेच फ्रेकल म्हणतात, अन् ते कोणत्याही भट्टीत शेकवून जात नाही. टॅन्टलम मात्र जड असून रसात राहते म्हणून तो रस थोडा दाबून ठेवते, या एका कारणासाठी मला टॅन्टलम आवडते.

इन्कोनेल ७१८ हा निकेलचाच एक सुपरअलॉय, त्यावर काम करणाऱ्यांसाठी एवढंच का तुमच्याकडे ही भानगड नायोबियम या धातूची आहे. तो ५ टक्क्याच्या आसपास असते, फांद्यांमधात साचते अन् सावकाश गोठलं तर लावेस नावाचा ठिसूळ भाग लांबच लांब जाळ्यासारखा तयार होते, चीर त्यातूनच धावते. लवकर गोठलं तर तोच तुटक तुटक बारीक ठिपके होऊन राहते. लेझरच्या थ्रीडी प्रिंटिंगमध्ये तर सेकंदाला लाख ते दहा लाख अंशाच्या वेगानं थंड होते, तिथं अंतर एका मायक्रॉनच्या आसपास येते, पण तिथल्या अडचणी वेगळ्या, त्यावर इथं नाही लिहीत.

पायरी ६ : दाणा बारीक चांगला का मोठा?

कॉलेजात शिकवतात का बारीक दाणा म्हणजे मजबूत, अन् ते खरं आहे, पण तापमान विचारल्याशिवाय ते वाक्य वापरू नका. टर्बाइनची डिस्क, जिच्यावर पाती बसतात, ती त्यामानानं थंड असते, तिले बारीक दाणाच पाह्यजे. पण पातं हजार अंशावर फिरत असते अन् फिरण्याचा जोर त्याले सतत बाहेर ओढत असते, तिथं दोन दाण्यांमधली सीमाच कमजोर पडते. ओढीले आडव्या असलेल्या सीमेवर बारीक पोकळ्या धरतात, त्या जुळतात अन् तिथूनच तुटते, म्हणजे क्रीपनं मोडते.

मंग उपाय काय, तर आडव्या सीमाच ठेवायच्या नाहीत. १९६० च्या दशकात अमेरिकेत प्रॅट अँड व्हिटनीमध्ये फ्रँक व्हर्स्नायडर अन् त्याच्या सोबत्यांनी पातं एका दिशेनं गोठवून सगळे दाणे उभे केले, तुमच्या पहिल्या ग्लासासारखे. पुढची उडी म्हणजे दाणाच एक, पूर्ण पातं एकच स्फटिक. साच्याच्या बुडाशी एक जिलबीच्या वेढ्यासारखी अरुंद वाट करतात, खालून कितीही दाणे उगवले तरी त्या वाटेतून एकच वर निघते. आपल्या पांदण रस्त्यानं एका वेळी एकच बैलबंडी जाते ना, तसं. अशी एकस्फटिकी पाती प्रवासी विमानाच्या इंजिनात १९८२ मध्ये लागली. आपल्याकडे हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण खात्याच्या धातू प्रयोगशाळेनं २०२१ मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनसाठी अशी ६० पाती करून एचएएल या सरकारी विमान कंपनीले दिली, ती बातमी मी गावच्या ग्रुपवर टाकली होती.

यात दिशेचाही फायदा आहे. पऱ्हाटी ज्या दिशेनं सगळ्यात जोरात वाढते त्या दिशेनं स्फटिक कमी ताठ असते, म्हणून गरम थंड, गरम थंड होताना ताण कमी बसते. जी दिशा आपोआप वाढते तीच उपयोगाची निघाली, हे मला आजही फार सुंदर वाटते.

पण एकच स्फटिक म्हणजे काम संपलं असं नाही. पात्याचा जो पसरट ओटा असते त्याच्या कोपऱ्यात रस लवकर थंड पडते, मुख्य पऱ्हाटी तिथं पोचायच्या आधीच तिथं परकं रोप उगवते. असा एक परका दाणा म्हणजे परत सीमा आली, अन् तीही बेसावध जागी, कारण एकस्फटिकी धातूतून सीमा मजबूत करणारं कार्बन, बोरॉन पहिल्यापासूनच काढलेलं किंवा अगदी नावाले ठेवलेलं असते.

पायरी ७ : भंगारातलं टर्बोचं चाक कापा

हे स्वतः केल्याशिवाय वरचं सगळं हवेत राहते. तालुक्याच्या गावी टर्बो दुरुस्त करणाऱ्याकडे जा, मोडकी चाकं पडलेली असतात. चांदीसारखं हलकं चाक ॲल्युमिनियमचं, ते नको. लोखंडी दांड्याले जोडलेलं, काळपट, हाताले जड, ते घ्या. ते बहुतेक इन्कोनेल ७१३सी किंवा त्याच्या भावकीतलं निघते. हॅकसॉच्या नादी लागू नका, पाणी सोडून कटऑफ व्हीलवर किंवा वायरकटवर कापा. २२० नंबरपासून १,२०० पर्यंत पेपर, प्रत्येक वेळी तुकडा चौथाई फिरवून, मंग डायमंड पेस्ट.

खोदायला कॉलिंगचं दोन नंबरचं रसायन : ५ ग्रॅम क्युप्रिक क्लोराइड, १०० मिली हायड्रोक्लोरिक ॲसिड, १०० मिली इथेनॉल. हे घरी बिलकुल करायचं नाही, कॉलेजच्या लॅबमध्ये, फ्यूम हूडखाली, हातमोजे अन् चष्मा लावून, अन् लॅबवाल्या सरायले विचारून. नागपूरले व्हीएनआयटीत मेटलर्जीचा जुना विभाग आहे, तुमच्या कॉलेजात सोय नसेल तर तिथं रीतसर अर्ज करून पाहा.

आधी नुसत्या डोळ्यानं पाहा. कातडीजवळ बारीक दाणे, मधल्या जाड भागात मोठे, हे तूपच आहे. मंग मायक्रोस्कोपखाली एका दाण्यात एका दिशेच्या फांद्या, शेजारच्यात दुसऱ्या दिशेच्या. फांद्यांमधात वेडीवाकडी काळी छिद्रं दिसली तर ती आकसण्याची छिद्रं, शेवटचा रस गोठताना आकसला अन् भरायले नवीन रस पोचला नाही, फटिगची, म्हणजे परत परत ताण बसून पडणारी, चीर बहुतेक वेळा अशाच ठिकाणाहून निघते. गोल छिद्र असेल तर ते गॅसचं.

पायरी ८ : वहीत काय लिहायचं

तुकडा कापायच्या आधी त्यावर गोठायची दिशा बाणानं खोदून ठेवा, पेननं नाही, पेन ॲसिडमध्ये पुसते. पहिला काप दिशेले आडवा, त्यात फुल्या मोजायच्या. दुसरा काप दिशेच्या बाजूनं, त्यात फांद्या वाकल्या काय ते पाहायचं. वहीत प्रत्येक तुकड्यासमोर साचा ओढायचा वेग, रसाचं तापमान, कापाची जागा बुडापासून किती मिलिमीटरवर, फुल्यांची संख्या अन् फोटोचं क्षेत्रफळ. सोल्यूशन ट्रीटमेंटच्या भट्टीचं तापमान सगळ्यात शेवटी लिहायचं, अन् तेही स्पेसिंगचा आकडा भरल्यावरच. तो रकाना रिकामा असला तर मी अजूनही भट्टीचं दार उघडत नाही.